पाण्याला आधी कळतं

अठ्ठावीस आठवड्यांची गरोदर बाई कळा येतात म्हणून लेबर रूममध्ये दाखल होते. ताप नाही, नाडी ठीक, पोट दाबलं तर दुखत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या असतात, पण गरोदरपणात त्या वाढतातच. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ. बाळाचे ठोके उत्तम. डॉक्टर घरच्यांना सांगतात, "कारण काही सापडत नाही." मग घरचे कारणं शोधू लागतात. जिना चढली म्हणून झालं का? पपई खाल्ली होती का? प्रवास कशाला केला? आणि ती बाई पलंगावर पडल्या पडल्या गेल्या पंधरा दिवसांतलं आपलं प्रत्येक पाऊल तपासून बघते.

यातल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत कारण असतं. ते रक्तात नसतं, लघवीत नसतं, तर पाणमोटेत असतं. बाळ ज्या पाण्यात तरंगतं त्या गर्भजलात संसर्ग किंवा दाह सुरू झालेला असतो आणि बाहेर त्याची काहीच खूण दिसत नाही. पाणमोट शाबूत असताना मुदतीआधी कळा सुरू झालेल्या स्त्रियांचं गर्भजल तपासलं, तर साधारण आठांपैकी एकीच्या पाण्यात जंतू वाढतात. मुदतीआधी पाणमोट फुटलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तिघींत एक इतकं आहे. आणि या संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी फार थोड्यांना ताप येतो. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो.

जगात २०२० साली सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांतली जवळपास ३० लाख भारतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म हे पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं जगातलं सगळ्यात मोठं कारण आहे. म्हणून पाणमोटेत काय चाललं आहे हा प्रश्न संशोधकांच्या कुतूहलापुरता राहत नाही.

गर्भजल म्हणजे नुसतं पाणी नव्हे. दहाव्या आठवड्यात ते जेमतेम ३० मिलिलिटर असतं, सोळाव्यात सुमारे २००, आणि चौतिसाव्याच्या आसपास ८०० मिलिलिटरपर्यंत पोहोचतं. सुरुवातीला ते मुख्यतः आईच्या रक्तद्रवातून आणि बाळाच्या कोवळ्या त्वचेतून झिरपतं. गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात मात्र त्यातला मोठा वाटा बाळाच्या लघवीचा आणि फुफ्फुसांतून येणाऱ्या द्रवाचा असतो. बाळ ते गिळतं, पुन्हा बाहेर टाकतं. दिवस भरत आले की रोज अर्धा लिटरच्या आसपास पाणी त्याच्या पोटातून जातं. त्यामुळे बाळाचं शरीर जे जे करतं त्याची नोंद या पाण्यात उतरते. बाळाच्या शरीरात दाह सुरू झाला तर तोही.

हे पाणी जंतूंना सहज जगूही देत नाही. त्यात लायसोझाइम असतं, जे काही जिवाणूंची भिंत फोडतं. लॅक्टोफेरिन असतं, जे जिवाणूंना लागणारं लोह धरून ठेवतं. पांढऱ्या पेशींतून येणारी डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं जिवाणूंच्या आवरणाला भोकं पाडतात. बाळाच्या अंगावरच्या पांढऱ्या चिकट लेपातही अशी जंतुनाशक प्रथिनं सापडली आहेत. इतका बंदोबस्त असूनही जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा ते योनीमार्गातून गर्भाशयमुख ओलांडून वर चढतात, कधी आईच्या रक्तातून वारेमार्गे पोहोचतात.

गर्भजलात सर्वाधिक वेळा सापडणारा जंतू म्हणजे युरिआप्लाझ्मा. बऱ्याच निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात तो कुणाला त्रास न देता राहतो. त्याला पेशीभित्ती नसते. जंतू ओळखण्याची प्रयोगशाळेतली जुनी, स्वस्त पद्धत ग्रॅमच्या रंगाची आहे, आणि ती पेशीभित्तीवरच अवलंबून असते. त्यामुळे त्या काचपट्टीवर युरिआप्लाझ्मा दिसतच नाही. पेनिसिलीनच्या कुळातली औषधंही पेशीभित्तीवरच घाव घालतात, तेव्हा तीही याच्यापुढे निकामी ठरतात. त्याला वाढवायला खास माध्यम लागतं आणि दिवस लागतात. कळा सुरू झालेल्या बाईकडे दिवस नसतात.

इथे रोगप्रतिकारशक्तीच्या खुणा कामी येतात. जंतू शोधत बसण्याऐवजी जंतूला शरीराने दिलेलं उत्तर मोजायचं. पाणमोटेच्या पेशींवर जंतूंचे तुकडे ओळखणारे रिसेप्टर असतात. जंतू भेटला की त्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात: इंटरल्युकिन-१, टीएनएफ, इंटरल्युकिन-८ आणि इंटरल्युकिन-६. आठव्या क्रमांकाचं इंटरल्युकिन पांढऱ्या पेशींना बोलावतं. इतर निरोपांनी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात आणि गर्भाशय आकुंचन पावू लागतं. मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं गर्भाशयमुखातलं आणि पाणमोटेतलं कोलॅजन तोडतात. मुख मऊ पडतं, पाणमोट फुटते. दिवस भरल्यावर होणाऱ्या नैसर्गिक बाळंतपणातही हाच दाह, हीच रसायनं कमी-अधिक प्रमाणात असतात. शरीर यात वेगळी काही खेळी करत नाही. बाळंतपण घडवून आणणारी यंत्रणा बारा-चौदा आठवडे आधी चालू होते, एवढंच. पण त्या 'एवढंच'मध्ये बाळाचा जीव अडकलेला असतो.

या सगळ्या निरोपांत इंटरल्युकिन-६ सर्वांत उपयोगी ठरलं. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सू किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं. त्यांना शोधायचं होतं ते प्रतिपिंडं बनवायला लावणारं द्रव्य. प्रसूतिशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण त्याच सुमारास मूळचे व्हेनेझुएलाचे डॉक्टर रॉबर्टो रोमेरो अमेरिकेत गर्भजलाचे नमुने तपासत होते आणि मुदतीआधीच्या कळांमागे संसर्ग किती वेळा असतो ते मोजत होते. जंतू असलेल्या पाण्यात हे द्रव्य कित्येक पटींनी वाढलेलं त्यांना दिसलं. गावावर काही आलं की दवंडी पिटणारा आधी पोहोचतो, मग माणसं गोळा होतात. इंटरल्युकिन-६ची चाल तशी असते. ते जंतूंच्या वाढीच्या रिपोर्टच्या कितीतरी आधी मोजता येतं.

जुन्या चाचण्यांशी त्याची तुलनाही झाली. ग्रॅमच्या रंगाच्या चाचणीत बऱ्याच संसर्गांचा पत्ताच लागत नाही. पाण्यातली साखर डेसिलिटरमागे १४ मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर जंतू ती खात असावेत असं मानतात. पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरमागे ५० वा अधिक असतील तर दाह आहे असं धरतात. या दोन्ही चाचण्या जिल्हा रुग्णालयातही होऊ शकतात, हे त्यांचं मोठेपण. पण इंटरल्युकिन-६ त्यांच्यापेक्षा संवेदनशील निघालं. मिलिलिटरमागे २.६ नॅनोग्रॅम ही त्याची आज सर्वाधिक वापरात असलेली मर्यादा आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मेटॅलोप्रोटिनेज-८ हे दुसरं चिन्हही चांगलं काम करतं. त्याची मर्यादा २३ नॅनोग्रॅम. दोन्हींसाठी पलंगाशेजारी वीस मिनिटांच्या आत उत्तर देणाऱ्या पट्ट्या संशोधनात वापरल्या गेल्या आहेत.

पण पट्टीवर टाकायला पाणी हवं, आणि पाणी काढायला आईच्या पोटातून सुई घालावी लागते. या सुईचा इतिहास सुरू होतो रक्तगटाच्या आजारापासून. मँचेस्टरमध्ये डग्लस बेव्हिस यांनी १९५२ मध्ये दाखवलं की आई आरएच निगेटिव्ह असताना बाळाच्या तांबड्या पेशी किती फुटत आहेत हे गर्भजलाच्या रंगावरून कळतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात विल्यम लिली यांनी १९६१ मध्ये त्याचा आलेख बसवला आणि १९६३ मध्ये पोटातल्या बाळाला रक्त दिलं. जन्माला न आलेल्या माणसावर उपचार करता येतो, हे या पाण्यामुळे सिद्ध झालं.

भारतात हीच सुई वेगळ्याच वाटेला गेली. सत्तरच्या दशकात गुणसूत्रांच्या दोषांसाठी आलेली ही तपासणी ऐंशीच्या दशकात मुलगी आहे का ते पाहण्यासाठी सर्रास वापरली गेली. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी, कार्यकर्त्यांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध लढा उभारला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. आज नोंदणीकृत केंद्र, स्त्रीची लेखी संमती आणि प्रत्येक तपासणीची नोंद सक्तीची आहे. ती हवीच. आपल्याकडे गर्भजल तपासणी म्हटलं की अनेकांच्या मनात आधी तो काळ उभा राहतो, आणि तो विसरला जाऊ नये असं मलाही वाटतं. मात्र पाण्यातला दाह मोजण्याचा बाळाच्या लिंगाशी काडीचा संबंध नाही, हेही कुटुंबांना सांगावं लागेल. अनुभवी हातात या सुईमुळे गर्भपात होण्याची शक्यता आता अर्ध्या टक्क्याहून कमी मानतात. कमी आहे, शून्य नाही.

आता या विषयातला मला सर्वांत हलवून सोडणारा भाग. पाण्यात पांढऱ्या पेशी गोळा झाल्या, तर त्या कुणाच्या? बरीच वर्षं अंदाज बांधले गेले. रोमेरो यांच्या डेट्रॉइटच्या गटातल्या नार्धी गोमेझ-लोपेझ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्या पेशींच्या डीएनएची ओळख पटवून पाहिली. उत्तर असं निघालं की पेशी कधी आईच्या, कधी बाळाच्या, कधी दोघांच्या असतात. आणि जी बाळं फारच लवकर जन्मली, त्यांच्या पाण्यात प्रामुख्याने बाळाच्याच पेशी होत्या. जेमतेम किलोभर वजनाचा, फुफ्फुसं न पिकलेला तो जीव स्वतः लढत असतो. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती झोपलेली असते असं आपण म्हणत आलो. पाण्यातला हा पुरावा ते मान्य करत नाही.

या लढ्याची किंमतही बाळच मोजतं. रोमेरो यांच्याच गटाने १९९८ मध्ये गर्भाच्या दाहप्रतिसादाचं वर्णन केलं: नाळेतल्या रक्तात इंटरल्युकिन-६ मिलिलिटरमागे ११ पिकोग्रॅमच्या वर गेलं, तर बाळाच्या अनेक अवयवांवर परिणाम झालेला असतो. सोलमध्ये बो ह्यून यून यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की ज्या बाळांच्या गर्भजलात हे निरोप वाढलेले होते, त्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा होण्याचं आणि पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे सगळी इजा लवकर जन्मल्यामुळे होत नाही. काही इजा जन्माआधीच, त्या पाण्यात होते. हे कळल्यावर 'कळा थांबवा, बाळ जितकं आत राहील तितकं चांगलं' हा सरसकट सल्ला डळमळतो. पाणी स्वच्छ असेल तर बाळाला आत ठेवणं हिताचं. पाण्यात दाह भडकला असेल तर तेच आत ठेवणं घातक ठरू शकतं. आणि बाहेरून दोघी बाया सारख्याच दिसतात.

त्यात आणखी एक गुंता. पाणमोट शाबूत असून कळा सुरू झालेल्या अनेक स्त्रियांच्या गर्भजलात इंटरल्युकिन-६ वाढलेलं असतं, पण जंतू वाढत नाहीत आणि जनुकीय चाचण्यांनीही सापडत नाहीत. २०१४ च्या एका अभ्यासात अशा निर्जंतुक दाहाचं प्रमाण जंतूंमुळे झालेल्या दाहाच्या दुपटीहून जास्त निघालं. जंतू नाहीत तर दवंडी कशाची? ताण पडलेल्या किंवा मरणाऱ्या पेशी स्वतःच धोक्याची द्रव्यं सोडतात. एचएमजीबी१ हे त्यांतलं एक. ते उंदराच्या पाणमोटेत टोचलं की मुदतीआधी पिल्लं जन्मतात. अशा दाहाला प्रतिजैविक देऊन मारायला जंतूच नसतो.

नेमकं काय चाललं आहे हे न पाहता औषध दिलं तर काय होतं, हे ओरॅकल या ब्रिटनमधून चाललेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं. पाणमोट शाबूत, कळा चालू, संसर्गाची बाहेरून खूण नाही, अशा ६,२९५ स्त्रियांना एरिथ्रोमायसिन, को-अमॉक्सिक्लॅव्ह, दोन्ही किंवा नुसती निष्प्रभ गोळी देण्यात आली. २००१ मध्ये निकाल आला: फायदा नाही. सात वर्षांनी मुलं तपासली आणि २००८ मध्ये कळलं की एरिथ्रोमायसिन मिळालेल्या गटात ३.३ टक्के मुलांना सेरेब्रल पाल्सी होती, न मिळालेल्यांत १.७ टक्के. को-अमॉक्सिक्लॅव्हच्या बाबतीतही वाढ दिसली: ३.२ टक्के विरुद्ध १.९. असं का झालं असावं? एक शक्यता अशी की औषधाने दाह पुरता न विझता बाळ त्याच पाण्यात जास्त दिवस राहिलं. पाणमोट फुटलेल्या स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना एरिथ्रोमायसिनचा थोडा फायदा झाला आणि अनेक देशांत ते दिलं जातं.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. ऑकलंडच्या त्याच रुग्णालयात ग्रॅहॅम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं की आईला स्टिरॉइड दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं लवकर पिकतात. हे औषध खेड्यापाड्यांत पोहोचवावं म्हणून सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली तिची केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. २०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे हादरले. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू वाढले, आणि आईला संसर्ग झाल्याची शंकाही अधिक वेळा आली. स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. दिवस नेमके मोजलेले नसताना, संसर्ग आहे का हे न पाहता ते दिलं, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा अनेक जणींना ते मिळालं. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजलेले होते, आईत संसर्गाची लक्षणं नव्हती, बाळाची देखभाल करणारा विभाग होता. २०२० मध्ये निकाल आला: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळालेल्या गटात १९.६ टक्के नवजात दगावले, दुसऱ्यात २३.५. औषध तेच. फरक पडला तो ते कुणाला, कुठे आणि काय पाहून दिलं याने.

म्हणून पाण्यातल्या खुणांचा मी इतका आग्रह धरतो. सोलमध्ये पाण्यात दाह सिद्ध झालेल्या स्त्रियांना सेफ्ट्रिअक्झोन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र देऊन पुन्हा पाणी तपासलं गेलं, आणि त्यांतल्या काहींच्या पाण्यातला दाह खरोखर ओसरला. पाणमोटेतला संसर्ग बरा होत नाही, बाळंतपण हाच उपाय, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असताना हे घडलं. गट लहान होते, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. तरी जिथे दार बंद मानलं होतं तिथे ते किलकिलं झालं. निर्जंतुक दाहासाठी उंदरांवर दाहाची साखळी मधेच तोडणारी द्रव्यं वापरून अकाली जन्म टाळता आला आहे.

गरोदरपणातल्या प्रत्येक गुंतागुंतीचं उत्तर गर्भजलात शोधू नये, हेही सांगायला हवं. रक्तदाबाच्या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियात, आईचं रक्तच अधिक बोलतं. तिथे वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता फार कमी असते. त्यासाठी पोटात सुई घालण्याचं काही कारण नाही. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचंही तसंच: पहिलटकरणींना सुरुवातीपासून रोज ते दिल्याने अकाली जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. ही २०२० ची चाचणी ज्या जागांवर झाली त्यांत बेळगाव आणि नागपूर पुन्हा होते. तिथल्या गावांतल्या हजारो बायांनी नाव नोंदवलं, गोळ्या घेतल्या, तपासणीला आल्या. जगभरच्या डॉक्टरांना आज जे कळलं आहे त्यात त्यांचा वाटा आहे.

सुईशिवाय पाणी मिळवण्याचीही खटपट चालू आहे. पाणमोट फुटलेल्या बाईचं पाणी तर अंगावर जातच असतं. चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोवे इथे मारिअन काचेरोव्स्की यांचा गट योनीमार्गात साचलेल्या त्या पाण्यातलं इंटरल्युकिन-६ मोजून पाहतो आहे, आणि आतल्या पाण्याशी त्याचा मेळ बराच बसतो. पोटाला हात न लावता, पुन्हा पुन्हा, दर दोन दिवसांनी हे करता येईल. तालुक्याच्या रुग्णालयातही करता येईल, जर पट्टी स्वस्त झाली आणि तिथल्या परिचारिकेला ती वाचता आली तर. पाणमोट शाबूत असून कळा येत असलेल्या बाईसाठी मात्र आजही सुईला पर्याय नाही, आणि लेबर रूममधून 'कारण काही सापडत नाही' हे वाक्य ऐकून परतणाऱ्यांत तिच्यासारख्याच बाया अधिक असतात.